माहिती साठवणुकीसाठी इथरनेट जाळ्यांचा वाढता वापर : एक विवेचन

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील पोखर्णी येथील शेतकऱ्यास आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा संगणकावरून मिळू शकतो. महाराष्ट्र शासनाने ही सुविधा १ मे २०१८ रोजी सुरू केली. उतारा गावात हाती येत असला, तरी त्यामागील नोंद दूरच्या संगणकप्रणालीत साठविलेली असते. ती सुरक्षित राहणे हा नागरिकाच्या हक्काचा प्रश्न आहे. महाविद्यालयातील प्रवेश व निकालांच्या नोंदींनाही हेच लागू पडते. म्हणून सर्व्हर व डिस्क यांना जोडणाऱ्या जाळ्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साठवण जाळ्याचे स्वरूप :
पूर्वी प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र डिस्क जोडलेली असे. त्यामुळे एका सर्व्हरवरील जागा रिकामी पडे, तर दुसऱ्यावरील अपुरी ठरे. सर्व डिस्क एकत्र ठेवून त्यांतील जागा सर्व्हरना वाटून देणे, हा त्यावरील उपाय होय. १९९० च्या दशकात त्यासाठी फायबर चॅनेल हे तंत्र पुढे आले. यात पलीकडे जागा असल्याची खात्री झाल्यावरच माहिती पाठविली जाते. त्यामुळे ती गर्दीत गळत नाही. मात्र त्यासाठी वेगळी कार्डे, वेगळे स्विच व वेगळे प्रशिक्षित मनुष्यबळ लागते.

इथरनेटच्या वाढीची कारणे :
इथरनेटचा उगम १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात झाला. १९८३ च्या मानकात त्याचा वेग सेकंदास १० मेगाबिट होता. तो २००२ मध्ये १० गिगाबिट व २०१० मध्ये १०० गिगाबिट झाला. २००४ मध्ये आय-स्कझी हे मानक प्रसिद्ध झाले. डिस्कला द्यावयाच्या आज्ञा इंटरनेटच्याच पद्धतीने पाठविणे त्यामुळे शक्य झाले. वेगवान फ्लॅश डिस्कसाठी अशीच सोय २०१८ मध्ये एनव्हीएमईच्या मानकात झाली. परिचित केबल, सर्वत्र मिळणारे स्विच आणि उपलब्ध तंत्रज्ञ ही या प्रसाराची मुख्य कारणे होत.

मर्यादा व दक्षता :
सामान्य इथरनेटमध्ये गर्दी झाल्यास माहितीचे तुकडे गळतात व पुन्हा पाठवावे लागतात. विद्यार्थ्यांच्या वापराचे जाळे आणि साठवणुकीचे जाळे एकच ठेवल्यास परीक्षेच्या काळात नोंदप्रणाली मंदावू शकते. शिवाय अनधिकृत प्रवेशाचा धोका वाढतो. म्हणून साठवणुकीसाठी स्वतंत्र स्विच, किमान जाळ्याचा स्वतंत्र विभाग, तसेच दोन वेगळे मार्ग असावेत.

जाळे उत्तम असले, तरी ते प्रतीची जागा घेऊ शकत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी नस्ती जळाल्या. एकाच ठिकाणी ठेवलेल्या डिस्कचीही तीच गत होऊ शकते. आय-स्कझीची माहिती नेहमीच्या दूरसंचार जाळ्यातून दुसऱ्या शहरातही नेता येते, हा येथे मोठा लाभ आहे. मात्र अंतरानुसार विलंब वाढतो.

निष्कर्ष :
इथरनेटने साठवण जाळे मध्यम व लहान संस्थांच्या आवाक्यात आणले. परंतु खर्चातील बचत स्वतंत्र जाळे व दूरस्थ प्रत यांना फाटा देऊन साधू नये. नोंद हरवल्यास तिचे मोल यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही.