बरणीत बंद केलेला वास

९ नोव्हेंबर १९८९ची संध्याकाळ. पूर्व बर्लिनच्या पत्रकार केंद्रात पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की तासभर रटाळ बोलत होते. सातच्या सुमारास त्यांनी एक कागद वाचून दाखवला : परदेशी जाण्यासाठी नागरिकांना यापुढे कारणं द्यावी लागणार नाहीत. पत्रकारांतून प्रश्न आला, कधीपासून? शाबोव्स्कींनी कागद चाळले. माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब, असं ते म्हणाले.

ही बातमी खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बाहेर पडायची नव्हती. पण पत्रकार परिषद दूरचित्रवाणीवर थेट दिसत होती. पश्चिमेकडच्या वाहिन्यांनी ती बातमी उचलली, माणसांचे लोंढे सीमेवरच्या नाक्यांवर लोटले आणि साडेअकराच्या सुमाराला बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पहारेकऱ्यांनी फाटक उघडलं. २८ वर्षं उभी असलेली बर्लिनची भिंत त्या रात्री निरर्थक झाली.

गंमत अशी की हेच शाबोव्स्की १९७८ ते १९८५ या काळात ‘नॉइएस डॉइचलांड’ या पक्षाच्या मुखपत्राचे संपादक होते. अडचणीचा प्रश्न कोणी विचारूच नये, अशी व्यवस्था राबवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

ही व्यवस्था चालायची कशी? पूर्व जर्मनीच्या १९६८च्या राज्यघटनेतलं २७वं कलम वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी देत होतं. प्रत्येक अंक छापण्याआधी तपासणारा अधिकारी दैनिकांच्या कचेरीत बसत नसे. त्याची गरजच नव्हती. दर गुरुवारी बर्लिनमधल्या प्रमुख संपादकांना पक्षाच्या मध्यवर्ती समितीत बोलावून काय लिहायचं, कोणता शब्द टाळायचा, हे सांगितलं जाई. वृत्तसंस्था एकच, तीही सरकारी. परवाना, कागदाचा कोटा आणि पोस्टातून होणारं वितरणही सरकारच्याच हातात. मार्च १९८७मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्याची बातमी देताना ‘नॉइएस डॉइचलांड’च्या एकाच अंकात सर्वोच्च नेते एरिख होनेकर यांची चाळीसहून अधिक छायाचित्रं झळकली. नोव्हेंबर १९८८मध्ये तर गोर्बाचेव्हच्या सोव्हिएत संघातून येणारं ‘स्पुटनिक’ हे मासिकही पोस्टाच्या यादीतून काढून टाकलं गेलं. थोरल्या भावाचा मोकळेपणाही सोसवेना!

बातमीची वाट अशी बुजवली, की लोकांच्या मनात काय चाललंय हे सरकारला तरी कळणार कसं? त्यासाठी स्टासी हे गुप्त पोलीस खातं होतं. देशाची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक. १९८९मध्ये स्टासीचे पगारी नोकर सुमारे ९१ हजार आणि खबरे सुमारे १ लाख ८९ हजार. खबऱ्यांत सहकारी असत, मित्र असत, क्वचित नवराही असे. पाकिटं वाफेवर उघडून, वाचून पुन्हा चिकटवली जात. चौकशीला आणलेल्या माणसाच्या खुर्चीवर एक फडकं ठेवलेलं असे. तो उठून गेला की ते चिमट्यानं उचलून काचेच्या बरणीत बंद करायचं. हेतू हा, की उद्या कुठं पत्रक सापडलं तर कुत्र्याला वास देऊन माणूस हुडकता यावा. आपल्याकडे लोणचं मुरवतात तशा बरणीत तिथं माणसांचा संशय मुरत होता.

सरकारला नागरिकाच्या अंगाचा वास ठाऊक होता. नागरिकाला मात्र आपण श्वासातून काय घेतो हेही कळू दिलं जात नव्हतं. बिटरफेल्डच्या रासायनिक कारखान्यांभोवतीचं हवा-पाणी विषारी झालं होतं, पण १९८२मध्ये मंत्रिमंडळानं पर्यावरणाची आकडेवारीच गोपनीय ठरवली. पूर्व बर्लिनच्या त्सिऑन चर्चच्या एका इमारतीच्या तळघरात काही तरुण चक्रमुद्रण यंत्रावर पर्यावरणाची पत्रिका काढत. नोव्हेंबर १९८७मध्ये मध्यरात्री तिथं स्टासीची धाड पडली. वृत्तपत्रस्वातंत्र्य ही पत्रकारांची चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी बिटरफेल्डकडे पाहावं. दडवलेला आकडा शेवटी कुणाच्या तरी छातीत खोकला होऊन बसतो.

या कोंडीची किंमत सत्तेनंही मोजली. टंचाई, असंतोष, पळून जाणारी माणसं यांचे अहवाल स्टासी नेमानं वर पाठवत असे. देशातलं त्यातल्या त्यात खरं वर्तमानपत्र गुप्त पोलीस काढत होते, आणि त्याचे वाचक होते मूठभर नेते. पण त्यांच्या टेबलावर रोज सकाळी दुसरं वर्तमानपत्रही येई, ज्यात सारं आलबेल असे. कोणत्या वर्तमानपत्रावर विश्वास ठेवणं सोयीचं, हे सांगायला नकोच.

९ ऑक्टोबर १९८९ला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७० हजार माणसं निदर्शनासाठी उतरली. आराम राडोम्स्की आणि झिगबर्ट शेफ्के या दोघा कार्यकर्त्यांनी एका चर्चच्या मनोऱ्यातून लपून त्यांचं चित्रण केलं. ती फीत चोरून पश्चिम बर्लिनला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व जर्मनांनी आपलीच गर्दी पश्चिमेच्या वाहिनीवर पाहिली. आपण एकटे नाही, हे त्यांना त्या रात्री कळलं. माणसाला हे कळू नये, एवढ्याचसाठी तर सारा खटाटोप होता.

भिंत पडली त्या सुमारास स्टासीनं पुरावे नष्ट करायला घेतले. यंत्रं पुरेनात, म्हणून अधिकारी हातांनी कागद फाडू लागले. नागरिकांनी कचेऱ्यांचा ताबा घेतला तेव्हा फाडलेल्या कागदांची सुमारे १६ हजार पोती हाती लागली. १९९२पासून तिथल्या माणसाला स्वतःची फाइल वाचता येते. पोत्यांतले तुकडे जुळवायचं काम १९९५मध्ये सुरू झालं. त्यातली बहुतेक पोती अजून तशीच पडून आहेत.