शांत संगीत शोधताना: 'बुद्ध म्युझिक'च्या नावाखाली आपण काय ऐकतो आणि काय पाठवतो?

रात्री मोबाइलवर 'बुद्ध मेडिटेशन म्युझिक' असे शोधले की व्हिडिओंची रांगच्या रांग समोर येते. ध्यानस्थ बुद्धमूर्ती, कमळाचे फूल, धबधबा आणि तीन तास, आठ तास, दहा तास चालणारे संथ सूर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, रात्रपाळी करून आलेले कामगार, झोप न लागणारी वडीलधारी माणसे असे सगळेच हे ऐकतात. सकाळी तीच लिंक 'नमो बुद्धाय, जय भीम' या संदेशासोबत गटांमध्ये फिरू लागते. परंडा तालुक्यातील गट असो की मुंबईतील वस्तीचा, चित्र सारखेच आहे.

शांत संगीत ऐकण्यात काहीच गैर नाही. उलट आजच्या धावपळीत ती अनेकांची गरज आहे. पण ज्या सुरांवर तथागतांचे चित्र लावलेले आहे ते कोण तयार करते, त्याचे पैसे कोणाला मिळतात, त्यासोबत केलेले दावे खरे असतात का आणि आपल्या तरुणांनी चांगले संगीत शोधावे कसे, हे समजून घेतले पाहिजे. या लेखात आम्ही तेच क्रमाने मांडत आहोत.

अँबियंट संगीत म्हणजे काय?

ज्या संगीतात ठळक ताल नसतो, शब्द बहुधा नसतात, सूर सावकाश बदलतात आणि जे लक्ष वेधून घेण्याऐवजी खोलीत वातावरणासारखे पसरते, त्याला अँबियंट संगीत म्हणतात. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास 'फर्निचर संगीत' ही कल्पना मांडली. खोलीत टेबल-खुर्ची असते तसे संगीतही असावे, त्याच्याकडे टक लावून बसण्याची गरज नसावी, असा तो विचार होता. पुढे १९७८ मध्ये ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकाराने विमानतळावरील वातावरण डोळ्यांसमोर ठेवून एक अल्बम काढला आणि त्याला 'अँबियंट' असे नाव दिले. तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

नाव परदेशी असले तरी हा अनुभव आपल्याला परका नाही. गायकाच्या मागे अखंड वाजणारा तानपुरा आठवा. तो स्वतः काही सांगत नाही, पण सगळ्या गाण्याला आधार देतो. हे तानपुरे बनवणारे कारागीर आपल्याच मिरजेत आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नुसता तानपुरा अर्धा तास मंद आवाजात लावून अभ्यासाला बसून पाहा, अँबियंट संगीत म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळेल.

बुद्ध विचार आणि संगीत

या संगीताचा बौद्ध परंपरेशी खरा संबंध असलेली उदाहरणेही आहेत. १९३२ मध्ये जन्मलेल्या फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांनी सत्तरच्या दशकात तिबेटी बौद्ध परंपरेचा स्वीकार केला आणि काही काळ संगीत बाजूला ठेवून अध्ययन केले. त्यानंतर त्यांनी सिंथेसायझरवर मृत्यू या विषयावरील सुमारे तीन तासांची एक रचना तयार केली. त्यातला स्वर इतका सावकाश बदलतो की बदल झाल्याचे नंतर लक्षात येते.

दुसरे उदाहरण बीजिंगचे. चीनमधील विहारांत मंत्रपठण अखंड ऐकवणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पेट्या मिळतात. त्यावरून सुचून 'एफएम३' या जोडीने २००५ मध्ये 'बुद्धा मशीन' नावाची खिशात मावणारी पेटी काढली. तिच्यात संगीताचे नऊ छोटे तुकडे होते आणि निवडलेला तुकडा बंद करेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राही. इंटरनेट नाही, जाहिरात नाही.

पाली साहित्यातही वाद्य येते. अंगुत्तर निकायात भिक्खू सोण यांची कथा आहे. गृहस्थ असताना ते वीणा वाजवत. भिक्खू झाल्यावर त्यांनी चालत ध्यान करताना इतका अतिरेक केला की पाय रक्तबंबाळ झाले. तथागतांनी त्यांना त्यांच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाच्या वीणेचा सूर आणि गाण्याचा सूर एकमेकांशी जुळल्याचे कौतुक स्वतः तथागत करतात.

मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका त्या दिवशी गाणे-बजावणे यांपासून दूर राहतात. इगतपुरीच्या धम्मगिरीसह सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील विपश्यना केंद्रांमध्ये साधनेसाठी संगीत वापरले जात नाही. साधनेत लक्ष श्वासावर आणि शरीरातील संवेदनांवर ठेवायचे असते. कानात गोड सूर असेल तर मन त्या सुराला चिकटते. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे: शांत संगीत विश्रांतीसाठी, झोपेसाठी, अभ्यासाच्या वेळी जरूर ऐका. पण त्याला ध्यान म्हणू नका आणि व्हिडिओवर बुद्धमूर्ती आहे एवढ्यावरून त्याला धम्म समजू नका.

या सुरांमागे कोण आहे?

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले आणि यूट्यूब म्युझिक त्याच वर्षी मार्चमध्ये. जिओसावन, गाना हे आपल्याला आधीपासून माहीत होतेच. या सेवांवर शांत संगीत बहुतेक लोक कलाकाराच्या नावाने शोधत नाहीत. ते 'झोप', 'अभ्यास', 'ध्यान' असे शब्द टाकतात आणि समोर येणारी यादी लावून फोन बाजूला ठेवतात. कोण वाजवते आहे हे कोणी पाहत नाही. नेमक्या याच जागेवर मोठा व्यवसाय उभा राहिला आहे.

स्पॉटिफायवर एखादी रचना ३० सेकंद वाजली की ती एकदा ऐकली गेली असे मोजले जाते आणि त्यानुसार पैशांचा हिशेब होतो. रात्रभर संगीत लावून झोपलेला माणूस म्हणजे शेकडो मोजणी. २०२२ मध्ये 'डागेन्स नीहेटर' या स्वीडिश दैनिकाने दाखवून दिले की सुमारे २० संगीतकारांचे काम ५०० हून अधिक कलाकारनावांनी स्पॉटिफायवर आहे. २०२४ मध्ये त्याच दैनिकाने योहान रोर या एकाच संगीतकाराची ६५० हून अधिक नावे उघड केली. त्याच्या रचना तोपर्यंत सुमारे १५ अब्ज वेळा ऐकल्या गेल्या होत्या. अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी पुढे लिहिले की शांत संगीताच्या लोकप्रिय याद्यांमध्ये कमी खर्चात बनवून घेतलेले संगीत भरण्याची पद्धतशीर योजना कंपनीत राबवली जात होती.

२०२३ च्या अखेरीस स्पॉटिफायने नियम बदलले. वर्षभरात १,००० वेळा ऐकली न गेलेली रचना आता मोबदल्याच्या हिशेबात धरली जात नाही. पावसाचा आवाज, पंख्याची घरघर अशा ध्वनींसाठी किमान लांबीची अटही आली. त्यात यंत्रनिर्मित संगीताची भर पडली आहे. डीझर या फ्रेंच सेवेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या संगीतापैकी १८ टक्के पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले असते.

याचा अर्थ आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. बुद्धमूर्तीचे चित्र, 'झेन', 'निब्बान', 'तिबेट' असे शब्द आणि यंत्राने काढलेले सूर एवढे जमवले की माल तयार होतो. त्यात ना भिक्खू असतो, ना उपासक, ना कधी कधी माणूसही. आपण ज्या श्रद्धेने ती लिंक पुढे पाठवतो, त्या श्रद्धेवर दुसऱ्याचा धंदा चालतो. दुसरीकडे आपल्या समाजातील गायक, वादक, शाहीर यांचे काम त्याच सेवांवर कुठे तरी तळाशी पडलेले असते. अनेकदा त्याला गायकाचे नाव नसते, वादकांचे तर नसतेच.

दाव्यांपासून सावध

'४३२ हर्ट्झ ऐका, आजार पळतील', '५२८ हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात', 'रात्री लावा, सकाळी धनलाभ' असे मथळे तुम्हीही पाहिले असतील. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, एवढेच. विशिष्ट आकड्यात आजार बरा करण्याची शक्ती असल्याचा वैद्यकीय पुरावा नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने गंडेदोरे सोडले आणि आता हर्ट्झचा गंडा बांधला, असे होऊ नये.

मग संगीताचा उपयोगच नाही का? तसेही नाही. वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये निद्रानाशाच्या तक्रारी असलेल्या १,००७ प्रौढांवरील १३ चाचण्या तपासल्या. रोज संगीत ऐकल्याने झोपेची प्रत सुधारू शकते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे फायदा आहे, पण तो मंद, नियमित ऐकण्याचा आहे. त्याला चमत्काराची जोड लागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा मन सतत खचलेले असेल तर डॉक्टरांकडे जावे. लिंक हा उपचार नाही.

चांगले संगीत शोधायचे कसे?

पहिली गोष्ट, यादीपेक्षा माणूस शोधा. एखादी रचना आवडली की कलाकाराच्या पानावर जा. त्याची ओळख, मैफली, इतर अल्बम, मुलाखती सापडतात का पाहा. नावाखाली दोन-तीनच रचना, प्रत्येक लाखो वेळा ऐकलेली आणि माणसाचा मागमूस नाही, असे असेल तर शंका घ्या.

दुसरी गोष्ट, ओळखीच्या वाद्यापासून सुरुवात करा. बासरी, सरोद, संतूर, सतार यांच्या रागातील आलापाचा भाग हा उत्तम शांत संगीताचा साठा आहे. तिथे वादकाचे नाव, रागाचे नाव, अनेकदा वर्षही मिळते. आलाप संपून ताल सुरू झाला की अभ्यासाच्या वेळी तिथेच थांबवता येते.

तिसरी गोष्ट, इंटरनेट अर्काइव्ह आणि बँडकॅम्प या जागा पाहा. पहिल्या ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील बरेच संगीत मोफत उतरवून घेता येते. परवान्यात नाव देण्याची अट असेल तर ती पाळा. बँडकॅम्पवर ऐकून पाहता येते आणि विकत घेतल्यास पैशांचा मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो.

चौथी गोष्ट डेटाची. परंड्याच्या आसपासच्या गावांत नेटवर्क आणि रिचार्ज हे दोन्ही मोजूनमापून वापरावे लागतात. ९६ केबीपीएस दर्जाचे संगीत तासाला सुमारे ४३ एमबी खाते, ३२० केबीपीएसचे सुमारे १४४ एमबी. व्हिडिओ लावला तर याच्या कितीतरी पट. मंद संगीतासाठी कमी दर्जाही पुरतो. म्हणून व्हिडिओऐवजी फक्त ध्वनी निवडा आणि शक्य तिथे एकदाच उतरवून ठेवा. मध्येच कर्कश जाहिरात वाजण्याचा त्रासही मग राहत नाही.

पाचवी गोष्ट आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. हेडफोन लावून झोपणे टाळा आणि वेळ संपल्यावर संगीत आपोआप बंद होईल अशी सोय वापरा.

वाटायचे कसे?

लिंक ढकलणे आणि संगीत वाटणे यात फरक आहे. पाठवताना वादकाचे नाव, वाद्य आणि ते का आवडले याची एक ओळ लिहा. रोज दहा लिंक टाकण्यापेक्षा गटाने मिळून एकच सामायिक यादी करावी. महिन्याला प्रत्येकाने एकच रचना जोडावी, ती आधी स्वतः पूर्ण ऐकलेली असावी. वाचनालयात किंवा विहारातील अभ्यासिकेत लावायची असेल तर तिथे बसणाऱ्यांना विचारा. काहींना पूर्ण शांतताच हवी असते आणि तो त्यांचा हक्क आहे.

त्याही पुढे जाऊन, स्वतःचे ध्वनी टिपा. विजापूरला पाहायला मिळणारी मुलूखमैदान तोफ एके काळी परंड्याच्या किल्ल्यावर होती. तिच्या दणदणाटाच्या कथा सगळे सांगतात, पण तालुक्यातील शांत आवाज कोणी जपून ठेवलेले नाहीत. सीना-कोळेगाव जलाशयाच्या काठची पहाट, ज्वारीच्या रानातला वारा, विहारात वयस्क उपासिका संथ लयीत म्हणतात ती वंदना. आपल्याच जिल्ह्यातील तेरला विटांची एक प्राचीन वास्तू आहे. आज ती त्रिविक्रम मंदिर म्हणून ओळखली जाते, पण तिची अर्धगोलाकार मागील बाजू पाहून अनेक अभ्यासक ती मूळची चैत्यगृह असल्याचे मानतात. चैत्यात माणसांचा सामूहिक स्वर घुमत असे. तो स्वर आपल्या आजी-आजोबांच्या कंठात अजून आहे. साध्या मोबाइलवर, पंखा बंद करून, त्यांची परवानगी घेऊन तो टिपा. नाव, गाव आणि तारीख सोबत लिहा.

शेवटी एक अप्रिय पण आवश्यक मुद्दा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर बंदी आहे, सवलतीचे मोजके दिवस सोडून. खासगीत आपण मन शांत करणारे सूर शोधतो आणि जयंतीला मात्र छातीत धडकी भरवणारी भिंत उभी करतो, ही विसंगती कार्यकर्त्यांनी ओळखावी. ज्या बाबासाहेबांनी ग्रंथांमध्ये रात्री घालवल्या आणि व्हायोलिनचेही धडे घेतले, त्यांच्या जयंतीच्या रात्री वस्तीतील एखादे मूल वाचायला बसले असेल, तर त्याला वाचता आले पाहिजे.

या आठवड्यात तुमच्या गटात एकच काम करा. 'बुद्ध म्युझिक'ची पुढची लिंक आली की ती पाठवणाऱ्याला प्रेमाने विचारा, 'हे कोणी वाजवले आहे?' उत्तर मिळाले तर संगीत जरूर ऐका. नाही मिळाले, तर दोघे मिळून शोधा.

नमो बुद्धाय, जय भीम!