चित्राची काटकसर

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटण गावी उभे राहून चौफेर पाहिले, तर सह्याद्रीच्या ज्या डोंगररांगांनी हा मुलूख शतकानुशतके राखला, त्याच रांगा सरळ रेषेत धावणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरींची वाट अडवून उभ्या आहेत, हे ध्यानी येते. आणि म्हणूनच खोऱ्यातल्या घराघरांवर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या डिशमागील विद्येचा परिचय करून घ्यावासा वाटतो.

हलते चित्र ही मोठी खर्चिक वस्तू आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा ६२५ रेषांची २५ चित्रे दर सेकंदाला धाडण्यासाठी ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा लागे. तोही एवढ्यावर भागे, कारण प्रत्येक चित्र एक रेषा सोडून एक असे दोन हप्त्यांत पाठवून लुकलुक टाळण्याची तजवीज आधीच झालेली होती. पुढे १९८२ मध्ये रंग आले, तेही त्याच पट्ट्यात सामावले, कारण उजेड-अंधाराच्या मानाने रंगांचे बारकावे आपल्या नेत्रांना कमीच कळतात.

चित्राचे अंकांत रूपांतर होऊ लागल्यावर मात्र हिशेब हाताबाहेर गेला. एका साध्या वाहिनीला सेकंदाला सुमारे १६ कोटी बिट लागू लागले. या संकटातून जी वाट निघाली, तिच्या मुळाशी बंगळूरचे नासिर अहमद आहेत. चित्राच्या लहानशा चौकटीतील छटांचे लहरींत पृथक्करण करून महत्त्वाच्या तेवढ्या लहरी राखण्याची त्यांची कल्पना अमेरिकेतील अनुदान-संस्थेने १९७२ मध्ये नाकारली, तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांची ही चिकाटी मला त्या गणिताइतकीच वंदनीय वाटते.

दुसरी काटकसर गतीची. पाटणच्या स्थानकातून एसटी निघाली, तर मागचा डोंगर जागचा हलत नाही. मग तो क्षणोक्षणी नव्याने का धाडावा? गाडी कोठून कोठे सरकली आणि तिच्यामागे काय उघडे पडले, एवढेच कळवले की पुरते. या दोन युक्त्यांच्या संयोगाने १६ कोटींचे काम चाळीस-पन्नास लक्ष बिटांत होऊ लागले, आणि उपग्रहावरील एकाच प्रक्षेपकातून अनेक वाहिन्या उतरू लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेली विनाशुल्क डिश-सेवा याच पायावर उभी आहे, आणि तिच्यावरील सह्याद्री वाहिनी पाहण्यासाठी दरमहा एक पैसाही द्यावा लागत नाही.