पदर सुटले पाहिजेत

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा देगलूर, मुखेड, बिलोलीकडच्या घरांत त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, वेणी, फणी, पाळणा असे सगळे तळणीतले प्रकार दोऱ्याने बांधलेले असतात. हा फुलोरा लोंबकळून राहायचा असतो, त्याला तुटून चालत नाही, म्हणून त्याचे पीठ घट्ट आणि मोहन बेताचे. दीड-दोन महिन्यांनी दिवाळी येते आणि त्याच बायकांना त्याच मैद्याकडून नेमके उलटे हवे असते. करंजी ओठांनी तुटावी, चिरोट्याचे पदर मोजता यावेत.

इथेच पुष्कळ घरांत हात आखडतात. चकली, शेव, चिवडा घरी होतो. चिरोटे आणि साट्याच्या करंज्या मात्र ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून विकतच्या येतात. माझे ठाम मत असे, की दिवाळीच्या सगळ्या गोड तळणात साट्याचे पदार्थ सर्वांत सोपे आहेत. अनारशाचे पीठ दगा देते, पाकातले लाडू कधी दगड होतात तर कधी बसतच नाहीत. साट्याचे पीठ असे रुसत नाही. त्याचे दोन-तीन नियम आहेत, ते पाळले की पदर सुटतातच.

आपला भाग मुळात ज्वारीचा. रोजच्या ताटात भाकरी, गव्हाची पोळी सणावारी. मैदा आणि बारीक रवा तर त्याहून नवलाईचे. साखरेचेही तेच. जुन्या घरांत गोड म्हणजे गूळ. निजामाच्या राज्यात १९३७ साली शेजारच्या बोधनला साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर दाणेदार पांढरी साखर या भागाला हळूहळू जवळची झाली. दुधातुपाची श्रीमंती मात्र पहिल्यापासूनची. लाल कंधारी गाय नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या नावाची, देवणी गाय लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाची. म्हशी तर घरोघरी. त्यामुळे साट्याला लागणारे रवाळ, घट्ट तूप इथे कधी परके नव्हते.

आणि पदरांची ही विद्याही इथली जुनी आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्यापासून लांब नाही. त्या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या भागात गव्हाचे मांडे सांगितले आहेत. गहू धुऊन, वाळवून, दळून घ्यायचे, पिठात तूप-मीठ घालून मळायचे, हातावर पसरवून तापल्या खापरावर भाजायचे. गव्हाचे पीठ, तूप आणि पातळ पदर यांचे नाते या मातीत नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले गेले, याचा मला फार अभिमान वाटतो.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तेलुगू मुलखात गेली. सीमा आखली गेली, पण सोयरीक तुटली नाही. मावशी इकडे तर आत्या तिकडे, अशी घरे आजही पुष्कळ. म्हणून दिवाळीत डबे दोन्हीकडून फिरतात. आपल्या करंजीत किसून भाजलेले सुके खोबरे, थोडा रवा, खसखस, पिठीसाखर. तिकडच्या गरिजेलूंमध्ये कुठे भाजका रवा, कुठे डाळव्याचे पीठ, कुठे तीळ आणि गूळ. बिदरकडून आलेल्या कर्जिकाईची चव आणखी निराळी. मला विचाराल तर सारणात तीळ-गूळ घालायची तिकडची रीत आपण उचलावी. सुक्या खोबऱ्याच्या तेलकटपणाला तिळाचा खमंगपणा फार छान साथ देतो.

आता पदरांचे गुपित. मैद्यात पाणी पडले आणि मळायला सुरुवात केली, की त्यातल्या प्रथिनांचे चिवट धागे बनतात. पोळीला ते हवेत, करंजीला नकोत. कडकडीत तुपाचे मोहन पिठाला आधीच चोळले की पिठाचा कण न् कण तुपाने माखतो, पाणी कमी शिरते आणि धागे लांब वाढत नाहीत. याला आपण खुसखुशीतपणा म्हणतो. मोहन पुरेसे झाले का, याची जुनी परीक्षा अजून खरी आहे. कोरड्या पिठाचा मुटका वळावा आणि हलक्या हाताने टेकवला तर टिकावा.

खुसखुशीतपणा मोहनाने येतो, पदर येतात साट्याने. साटा म्हणजे घट्ट तुपात तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घालून पांढरेशुभ्र होईपर्यंत फेटलेला लेप. नुसते तूप लावले तर लाटताना ते बाहेर पळते किंवा पिठात मुरते. तांदळाचे पीठ त्याला जागेवर धरून ठेवते आणि दोन पोळ्या एकमेकींना चिकटू देत नाही. कढईत पडल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि पदर उचलते. फ्रान्सच्या पफ पेस्ट्रीतही हेच चालते. तिथे लोणी असते आणि लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी, त्यामुळे वाफ लोण्यातूनही मिळते. आपल्या तुपात पाणी नाही, म्हणून सगळा भार पिठावर. आंध्रातल्या तापेश्वरमचा प्रसिद्ध घडीचा काजा आणि कर्नाटकातल्या लग्नात बदामाचे दूध ओतून वाढतात ती चिरोटी, ही याच युक्तीची भावंडे.

प्रमाण दोन वाट्यांचे सांगते. पहिल्यांदा करणाऱ्याने याहून जास्त घेऊ नये. एक वाटी मैदा, एक वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ, चार मोठे चमचे कडकडीत तूप. नीट चोळून थोडे थोडे दूध घालत घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा, कारण रव्याला भिजायला वेळ लागतो. मग कुटून किंवा खूप मळून मऊ करा. नुसता मैदा घेतला तर अर्धा तास पुरतो, पण रव्यामुळे येणारा कुरकुरीतपणा मिळत नाही. साट्यासाठी तीन मोठे चमचे तूप आणि तेवढेच तांदळाचे पीठ. तूप पातळ असेल तर थोडा वेळ थंड जागी ठेवून मग फेटा.

तीन पातळ पोळ्या लाटा. एकीवर साटा पसरा, वर दुसरी, पुन्हा साटा, वर तिसरी, तिलाही साटा. मग घट्ट वळकटी करा. आत हवा राहिली तर तळताना पदर सुटे होऊन कढईत पोहू लागतात, तेव्हा वळताना बोटांचा दाब सोडू नका. दोन बोटांच्या रुंदीचे तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून हलके लाटले की गोल, फुलासारखे चिरोटे होतात. आडवे ठेवून लाटले की लांबट. लाटणे एकदाच, तेही मधोमध. कडा दाबल्या गेल्या की पदर मुके होतात.

तळण हा सगळ्यांत नाजूक भाग, आणि बिघडते ते इथेच. तूप किंवा तेल मध्यम तापावे. थर्मामीटर असेल तर दीडशे ते एकशे साठ अंश, नसेल तर पिठाचा कण टाकून पाहा. तो तळाशी जाऊन बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला पाहिजे. झटकन वर येऊन लाल झाला तर आच फार आहे. अशा आचेत बाहेरचा पदर तांबूस होतो, आतले कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी चिरोटा मऊ पडतो. एका घाण्यात चार-पाचच सोडा, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा, पदर डोळ्यांदेखत उघडतील. बाहेर काढून उभे करून निथळा. पिठीसाखर भुरभुरवायची ती चिरोटा कोमट झाल्यावर. गरमागरम असताना घातली तर वितळून चिकट होते.

याच वळकटीच्या तुकड्यांच्या पुऱ्या लाटल्या की साट्याच्या करंज्या होतात. पदरांची बाजू बाहेर ठेवा, सारण कोरडे ठेवा, कडेला दुधाचे बोट फिरवा आणि कातण्याने कापा. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवल्या नाहीत तर कडा वाळतात आणि तेलात उघडतात. कोरड्या सारणाच्या करंज्या हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज राहतात. खव्याची साटोरी मात्र तीन-चार दिवसांत संपवावी. ती तव्यावर भाजून मग थोड्या तुपात परतायची असते, म्हणून कढईची धास्ती असणाऱ्यांनी साटोरीपासून सुरुवात करावी. तळण नको असलेल्या घरांत करंज्यांना तूप लावून एकशे ऐंशी अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये वीस मिनिटे भाजता येतात. चव चांगली लागते, फक्त पदर कढईइतके उमलत नाहीत.

वनस्पती तुपाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. डालडा १९३७ साली आला आणि दोन पिढ्यांचे साटे त्यावर झाले. तो घट्ट राहतो, स्वस्त पडतो, पदर सुरेख येतात. पण जुन्या पद्धतीच्या वनस्पतीत ट्रान्स फॅट भरपूर असे आणि ते हृदयाला घातक ठरले. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरी साट्याला लागते तेवढे तूप साजूकच घ्यावे. तीन चमच्यांत काटकसर करण्याजोगे काही नाही. तळायला शेंगदाण्याचे किंवा आपल्याकडचे जुने करडईचे तेल चालते, मात्र तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

पाहुण्यांसाठी आकार लहान ठेवा. आता एका संध्याकाळी चार घरी जाणे होते आणि प्रत्येक घरी ताट भरून समोर येते. तळहाताएवढी करंजी अर्धी खाऊन टाकून दिली जाते, दोन घासांची करंजी संपते. चहाबरोबर एक चिरोटा, एक लहान करंजी आणि तोंडाला चव आणायला चिवडा, एवढे बशीत पुरेसे आहे.

आणि पहिला घाणा धनत्रयोदशीच्या आधीच काढा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवीन पदार्थ शिकायला बसू नये. दोन वाट्यांचे पीठ, एक मोकळी दुपार आणि मंद आच एवढेच लागते. मुलांना पोळ्यांवर साटा पसरायला बसवा, ते काम त्यांना छान जमते. यंदाच्या डब्यात विकतचे चिरोटे आणू नका, घरचे भरा.