एका विमानाचे चार आठवडे

२९ जुलै १९५० रोजी लंडनजवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावरून चार इंजिनांचे एक छोटे विमान पॅरिसला निघाले. आत तिकीट काढलेले १४ प्रवासी होते आणि १२ पाहुणे. पाहुण्यांमध्ये जेट इंजिनाचे संशोधक सर फ्रँक व्हिटल होते. टर्बाइनवर चालणाऱ्या विमानातून तिकीट घेऊन प्रवास करण्याची जगातली ही पहिलीच वेळ. विमान व्हायकाउंट जातीचे, आणि त्याच्या नोंदणीची अक्षरे होती जी-एएचआरएफ.

त्याच्या नावाशी आपलाही थोडा संबंध आहे बरे का! व्हिकर्स कंपनीने आधी त्याचे नाव ‘व्हाइसरॉय’ ठेवले होते. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, व्हाइसरॉयचे पदच गेले, आणि विमानाचे पुन्हा एकदा बारसे करावे लागले.

पण नावापेक्षा मोठी अडचण पुढेच होती. ब्रिटिश युरोपियन एअरवेज ही या विमानाची हक्काची गिऱ्हाईक. तिने डिसेंबर १९४७ मध्ये ‘अँबॅसॅडर’ नावाची २० प्रतिस्पर्धी विमाने मागवली. ती जुन्या, दट्ट्याच्या इंजिनांची, पण मोठी होती. व्हायकाउंटमध्ये जागा अवघ्या ३२. तेव्हा १६ जुलै १९४८ रोजी जी-एएचआरएफने पहिले उड्डाण केले, ते विकत घ्यायला कोणी नसतानाच!

मग या विमानात असे नवीन काय होते? घरातले शिवणयंत्र जोरात चालवून पाहा. सुई खाली जाते, क्षणभर थांबते, पुन्हा वर येते. सारे टेबल थरथरते. छताचा पंखा मात्र एकाच दिशेने फिरतो, म्हणून शांत असतो. दट्ट्याचे इंजिन शिवणयंत्रासारखे. व्हायकाउंटचे रोल्स-रॉइस ‘डार्ट’ इंजिन पंख्यासारखे. ते हवा ओढून घेऊन दाबते, सात ज्वलनकक्षांत तिच्यात रॉकेलसारखे इंधन जाळते, आणि तापलेल्या वायूच्या झोताने टर्बाइनचे चक्र फिरवते. तेच चक्र हवा दाबण्याचे यंत्रही चालवते आणि विमानाचा पुढचा पंखाही.

टर्बाइन मिनिटाला १४,००० हून अधिक फेरे घेते. पंखा सरळ त्यालाच जोडला तर? चला, गणित करू. पंख्याचा व्यास ३ मीटर धरा. त्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ९.४ मीटर जाते. १४,००० फेऱ्यांना ६० ने भागा, ९.४ ने गुणा. उत्तर येईल सेकंदाला सुमारे २,२०० मीटर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास! इतक्या वेगाने पंखा हवा नीट कापू शकणार नाही, तो टिकणारही नाही. म्हणून मध्ये दंतचक्रे बसवून फेरे सुमारे दहापट कमी केले. माझ्या मते डार्टचे खरे मर्म झोतापेक्षा या दंतचक्रांत आहे.

परिणाम प्रवाशांना लगेच जाणवे. उडत्या व्हायकाउंटमध्ये टेबलावर नाणे कडेवर उभे राही, हे पाहुण्यांना मुद्दाम दाखवले जाई.

तरीही विमान कंपनी नाण्यावर भाळत नाही. विमान रोज वेळेवर निघते का, इंधन किती खाते, प्रवासी पुन्हा येतात का, हे तिला पाहायचे असते. कागदावर याची उत्तरे मिळत नाहीत. म्हणून जी-एएचआरएफला थोड्या दिवसांसाठी प्रत्यक्ष कामाला जुंपले. प्रवासी नेण्याचा पूर्ण परवाना मिळाला २७ जुलैला, आणि तिसऱ्या दिवशी पॅरिसची फेरी! दोन आठवडे पॅरिस, मग १५ ते २३ ऑगस्टपर्यंत एडिंबरो. या एकट्या विमानाने तेवढ्या दिवसांत १,८१५ प्रवासी नेले.

त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिश युरोपियन एअरवेजने २० व्हायकाउंट मागवली. सगळे श्रेय चाचणीला देता येणार नाही. मधल्या काळात डार्टची शक्ती वाढली होती, त्यामुळे विमान लांब करून ४७ प्रवासी बसवणे शक्य झाले होते. पण नव्या इंजिनावर भरवसा बसला तो याच फेऱ्यांनी.

जी-एएचआरएफ स्वतः मात्र लहानच राहिले आणि चाचण्यांच्या कामी आले. आफ्रिकेतही त्याला नेले, कारण तापलेली हवा विरळ असते. तिच्यात इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. नागपूरच्या मे महिन्यात जड विमानाला लांब धावावे लागते, ते याच कारणाने. २७ ऑगस्ट १९५२ रोजी सुदानमध्ये खार्टुम येथे उतरताना त्याच्या चाकांचा सांगाडा मोडला, आणि विमान कायमचे निकामी झाले. व्हायकाउंटची नियमित सेवा सुरू झाली ती १८ एप्रिल १९५३ ला.

पुढे सव्वाचारशेहून अधिक व्हायकाउंट बांधली गेली. १९५७ साली ती आपल्या इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही आली. आणि १९६१ साली कानपूरला तयार झालेले पहिले अॅव्हरो ७४८ विमान आकाशात चढले, तेव्हा त्याच्या पंखांवर दोन डार्ट इंजिने होती.