पखवाजाचा तास

बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात ‘संगीत’ असा तास शोधायला गेलं, तर तो क्वचितच सापडेल. कलेचा तास असतो. तो चित्रकलेच्या वाट्याला जातो आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. पण कलेचा निदेशक गाणारा-वाजवणाराच असेल, असं काही त्यात नाही. आणि तरी याच जिल्ह्यात मिसरूडही न फुटलेला पोरगा दोन तासांच्या कीर्तनाला लय न सोडता पखवाजाची साथ करतो, त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. तो शिकतो गावच्या हरिनाम सप्ताहात. ही इथली संगीतशाळा. तिला पट नाही, फी नाही. वेळापत्रक मात्र कुठल्याही शाळेपेक्षा कडक.

पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन आणि प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. तिचे पहारे लावलेले असतात. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या रहाटगाडग्यात मुलाची भरती टाळकरी म्हणून होते. आधी टाळ नीट धरायचा, मग हरिपाठाची पावली टाळाशी जुळवायची, मग अभंगाच्या चाली कानावरून घशात उतरवायच्या. पखवाजाला हात लागतो तो त्यानंतर, तोही बहुधा दुपारच्या भजनात, मोठे वादक जेवायला गेलेले असताना. वर्षभर कानावर पडलेला आठ मात्रांचा भजनी ठेका तोपर्यंत अंगात मुरलेला असतो. हाताला फक्त जागा सापडायची बाकी असते. शाळेत आधी व्याख्या सांगतात आणि मग उदाहरण देतात. इथे उदाहरणांचाच भडिमार असतो, व्याख्या कधी आलीच तर फार उशिरा येते. संगीतापुरता मला हाच क्रम बरोबर वाटतो.

जिल्ह्याच्या जगण्याचाही या शाळेवर ठसा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, अनेकदा पोरांना बरोबर घेऊन. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपून उन्हाळ्याच्या तोंडाशी, माणसं परततात. रामनवमी, हनुमान जयंती हे सप्ताहांचे दिवस याच सुमाराचे. हिवाळाभर शाळेला मुकलेल्या पोरालाही हा तास गाठता येतो. गैरहजेरीबद्दल कोणी विचारत नाही.

आता वाद्याकडे वळू. पखवाजाचं खोड म्हणजे शिसव, खैर अशा लाकडाचं, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं पिंप. दोन तोंडांना चामड्याच्या पुड्या. कडेला गजरा विणलेला, त्यातून वादी ओवून दोन्ही पुड्या एकमेकींशी आवळलेल्या, आणि वादीखाली लाकडी गट्टे. हातोडीने गट्टा ठोकला की वादी ताणते आणि स्वर चढतो. उजव्या पुडीवर शाईचा कायमचा गोल असतो. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांचे पातळ थर देत, दगडाने घोटत घोटत ती चढवतात. घोटताना शाईला बारीक भेगा पडतात आणि त्या पडाव्याच लागतात. एकसंध कडक थर चामड्याला नीट कंप पावू देणार नाही. डाव्या पुडीला, म्हणजे धुमाला, वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक थापतात. कणीक जास्त तर स्वर खाली, कमी तर वर. साधारणपणे धुम उजव्या पुडीच्या खालच्या सप्तकातल्या षड्जाला लावतात. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. घरात पोळ्यांसाठी मळलेल्या गोळ्यातला एक तुकडा पखवाजाकडे जातो, त्यामुळे कधी पखवाजाचं काम आहे हे आईला सगळ्यांच्या आधी कळतं.

हा शाईचा उद्योग विज्ञानालाही विचारात पाडणारा होता. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून बहुतेक ढोलांना आवाज असतो पण नेमका स्वर नसतो. मधोमध वजन चढवलं की हे उपस्वर पटींच्या जागी येतात आणि कातडं तारेसारखं सुरात बोलू लागतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये आपल्या मृदंग-तबल्यांचा हा गुण मांडला. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी तो त्याच्या कितीतरी आधी कानाने शोधून ठेवला होता.

या मातीत गाणं नवं नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) ‘पासोडी’ लिहिली ती सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी रागदारीत बांधलेली पदं रचली, हे मात्र फार थोड्यांना. आणि जिल्ह्याचा आळंदीशी धागा जुळला तो बंकटस्वामींमुळे. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यांच्या शिष्यांपैकी हे एक. बीडमधल्या एका महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. आळंदीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि विनामूल्य. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन यांच्या जोडीला तिथे गायन-मृदंगाचा रियाज होतो. सप्ताहात कानाने उचललेल्या पोराला बोल, बोटं आणि बैठक यांची शिस्त तिथे लागते.

या वाटेने सर्वांत लांबचा पल्ला गाठला शंकरबापू आपेगावकरांनी. त्यांचं आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातलं. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं आपेगाव ते पैठणजवळचं. वारकरी भजनात घडलेला त्यांचा हात शास्त्रीय मंचावर गेला आणि 1986 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एरवी साथीपुरतं धरलं जाणारं हे वाद्य त्यांनी एकल वादनाच्या तोडीचं म्हणून लोकांपुढे मांडलं. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तीच विद्या पुढे चालवली.

भजनी ठेक्यापासून चौतालापर्यंत जायला किती चालावं लागतं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन’ हा बारा मात्रांचा ठेका बोलायला सोपा आहे. पण पखवाजावर उघड्या पंजाचं, थापेचं काम. तबल्यासारखं बोटांत आवरून धरता येत नाही. धमाराच्या चौदा मात्रा तर अशा आहेत की सम कुठे पडली हे सराईतालाही मोजून घ्यावं लागतं. दिंडीत पखवाज गळ्यात अडकवून चालता चालता वाजवणाऱ्याकडे ताकद आणि दम भरपूर असतो, पण बैठकीत लागतो तो संयम. तो मिळवायला गुरूसमोर वर्षं घालवावी लागतात. नुसत्या सप्ताहावर भागत नाही.

आणि सप्ताहाचं सगळंच गोड आहे असंही नाही. मोठमोठे भोंगे आणि आवाज घुमवणारी यंत्रं आल्यापासून पखवाजाचा धुम नुसता गडगडतो, उजव्या पुडीचा ‘ना’ आणि ‘ता’ यांतला फरक मांडवात पोचतच नाही. मग पोरंही फरक करायचं सोडतात आणि जोरात वाजवायला शिकतात. वादीच्या जागी नटबोल्टचा पखवाज आला. तो पाण्यापावसात सोयीचा, पान्याने पटकन लागतो, पण गट्ट्यावर हातोडी मारत स्वर शोधताना कानाला जी तालीम मिळायची ती त्यात कमी मिळते. आणि मुली? त्या हरिपाठाला असतात, टाळ वाजवतात, आता कीर्तनालाही उभ्या राहतात. पखवाजासमोर मात्र अजून विरळा.

मग सरकारी चौकटीत या शिक्षणाला जागा कुठे? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 पासून आहे. त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांत पखवाजही आहे, आणि शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे सप्ताहात वाजवणाऱ्या मुलाला गुणपत्रिकेत शिरायला दार आहे. अडतं ते मधल्या पायरीवर: ताल हातांच्या खुणांनी मोजून दाखवणं, ठेका दुगुनीत बोलणं, बोल लिपीत लिहिणं. वाजवतो ते त्याला लिहिता येत नाही, आणि शाळेत ज्याला लिहिता येतं असा शिक्षक नाही. अंबाजोगाईत दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, त्यात शेतकरी परिषद आणि कविसंमेलनाच्या जोडीने शास्त्रीय संगीताची मैफलही असते. तालुक्यातल्या शाळांनी वर्षातून त्या एका मैफलीला आपले टाळकरी आणि पखवाजी न्यावेत आणि आठवड्यातून एक तास गावच्याच मृदंगाचार्याला वर्गात बसवावं. अंशकालीन निदेशकाची तरतूद कायद्यात आहेच. वाद्य विकत घ्यायचीही गरज नाही. ते देवळात आहे.