दोन्ही टोकं नागोठण्यातच

नागोठण्यात एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं, बोलणं जडावलं, एक हात लुळा पडला, की घरातल्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो: न्यायचं कुठे? उत्तरही जवळजवळ ठरलेलं असतं. पनवेल, कामोठे, बेलापूर, नाहीतर थेट मुंबई. ही ओढ समजण्यासारखी आहे. मोठ्या आजाराला शहर गाठायचं, हे रोहा तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावाने वर्षानुवर्षं गृहीत धरलं आहे. पण पक्षाघाताच्या उपचारातली प्रत्येक पायरी काय साधते आणि केव्हा साधते हे तपासून पाहिलं, तर रोग्याचं पुढचं आयुष्य कसं जाणार हे बरंचसं दोन टप्प्यांत ठरतं, असं दिसतं. एक टप्पा पहिल्या काही तासांचा, दुसरा घरी परतल्यानंतरच्या काही महिन्यांचा. हे दोन्ही नागोठणे आणि आसपासच घडतात. शहरातलं रुग्णालय मधले काही दिवस सांभाळतं. आपण मात्र पैसा, यंत्रणा आणि काळजी त्या मधल्या दिवसांवरच खर्च करतो आणि दोन्ही टोकं उघडी ठेवतो, असं माझं म्हणणं आहे.

पहिल्या टोकापासून सुरुवात करू. पक्षाघात दोन तऱ्हांचा असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून पाहून यातला फरक निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणूनच स्कॅनआधी घरात ॲस्पिरिनची गोळी देणं धोक्याचं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. त्याचा उपयोग पहिल्यांदा ठोसपणे दिसला तो १९९५ साली, अमेरिकेतल्या एका चाचणीत. साडेचार तास ऐकले की पुष्कळ वेळ हाताशी आहे असं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. २०१४ साली अशा अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले गेले. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ३३ जण जवळजवळ पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण २३ होतं. तीन ते साडेचार तासांच्या गटात हेच आकडे ३५ आणि ३० होते. म्हणजे शंभरामागे दहा माणसांचा फायदा पाचावर आला. शेवटच्या दीड तासात निम्मी कमाई हातची जाते.

आता हा दीड तास नागोठण्याच्या रस्त्यावर ठेवून पाहा. इथून पनवेल पन्नास किलोमीटरच्या पुढे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दशक उलटलं तरी रेंगाळत राहिलं. पावसाळ्यात खड्डे, गणपतीच्या आधी वडखळपासून कोलाडपर्यंत वाहनांच्या रांगा, आणि आंबा नदीला पूर आला की बाजारपेठेतच पाणी. शिवाय घड्याळ रस्त्यावर निघाल्यापासून चालू होत नाही. डॉक्टर आधी विचारतात, माणसाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? रात्री दहाला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला अंथरुणात वाकड्या तोंडाने सापडला, तर वेळ रात्री दहापासून मोजतात. घरचे घाबरून 'आत्ताच झालं हो' म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं, आत्ताच दिसलं. या एका उत्तरावर इंजेक्शन देणं-न देणं अवलंबून असतं. म्हणून हा प्रश्न १०८ च्या गाडीतच विचारून वेळ कागदावर लिहून ठेवायला हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चोवीस तास चालू असलेलं सर्वात जवळचं सीटी मशिन कुठे आहे, हे नागोठण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रिक्षा आणि मिनिडोअरच्या थांब्यावर, आशाताईंच्या वहीत आधीच लिहिलेलं असायला हवं. पेण, रोहा की अलिबाग, हे रोगी जमिनीवर पडलेला असताना ठरवायचं नसतं.

यावर मेंदूविकारतज्ज्ञांचा एक सबळ आक्षेप आहे. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर नुसतं इंजेक्शन पुरत नाही. जांघेतून किंवा मनगटातून तार नेऊन गुठळी बाहेर ओढावी लागते. २०१५ सालच्या चाचण्यांनी ही पद्धत सिद्ध केली आणि २०१८ साली काही निवडक रोग्यांसाठी तिची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. मग वाटेत थांबण्यापेक्षा थेट नवी मुंबई गाठलेली बरी नव्हे का? नेमका हाच प्रश्न स्पेनमधल्या कॅटलोनियात तपासला गेला. शहराबाहेरच्या, मोठी रक्तवाहिनी बंद असल्याचा संशय असलेल्या १४०१ रोग्यांपैकी काहींना जवळच्या केंद्रात नेलं, काहींना गुठळी काढणाऱ्या दूरच्या केंद्रात थेट. २०२२ साली निकाल आला: नव्वद दिवसांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांचा रक्तस्राव निघाला त्यांचं तर थेट दूर नेल्याने नुकसानच झालं. अर्थात, तिथली जवळची केंद्रं कामात मुरलेली होती, हे मान्य करायला हवं. पण म्हणूनच त्या निकालातून मला जवळचं केंद्र कामात मुरवण्याचाच मुद्दा बळकट झालेला दिसतो. वाटेतल्या रुग्णालयात स्कॅन आणि इंजेक्शन, आणि मग गरज असेल त्याने पुढे, हा क्रम त्यातून उभा राहतो.

दुसरा आक्षेप जोखमीचा. या इंजेक्शनमुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. १९९५ च्या चाचणीत शंभरात सहा जणांना तो लक्षणं दिसण्याइतका झाला होता. मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या तालुक्याच्या डॉक्टरने असं औषध द्यावं का? या भीतीची टिंगल करू नये. इंजेक्शन दिल्यावर रोगी दगावला तर नातेवाइकांसमोर उभं राहायचं असतं ते त्याच डॉक्टरला. पण हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून हे करून दाखवलं आहे. तिथल्या डोंगराळ जिल्ह्यांत सीटी असलेल्या रुग्णालयांतले साधे फिजिशियन फोनवर स्कॅनचे फोटो पाठवतात, दूरवरचे तज्ज्ञ ते पाहून सल्ला देतात आणि इंजेक्शन तिथेच दिलं जातं. औषधाचा खर्च सरकारने उचलला. डॉक्टरला पाळायचे नियमही मोजके आहेत: स्कॅनमध्ये रक्तस्राव नको, रक्तदाब १८५/११० च्या खाली आणलेला हवा, साखर तपासलेली हवी, वेळ पक्की हवी. जुनं औषध तासभर शिरेतून चालू ठेवावं लागे. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध एकदाच टोचून रोग्याला गाडीत घालता येतं. रस्त्याच्या कडेच्या रुग्णालयासाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय उपचार न करण्यातही जोखीम असतेच, फक्त तिची नोंद कुणाच्या नावावर होत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, दर सातातला एक मृत्यू त्याने झालेला. आणि पक्षाघाताने गेलेल्या त्या माणसांपैकी शंभरातली सुमारे ८७ घरीच वारली.

मधल्या टप्प्यातही खरा फरक पाडणारं काम बहुधा यंत्राचं नसतं. गिळण्याची चाचणी घ्या. परिचारिका रोग्याला ताठ बसवते, चमच्याने पाणी देते, गळ्याची घाटी वर सरकते का ते बोट ठेवून पाहते. ठसका लागतो का? पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं का? मग 'आ' म्हणायला लावते. आवाज ओलसर, घरघरता आला तर पाणी श्वासनलिकेकडे गेलं असं समजायचं आणि तोंडाने काही द्यायचं नाही. दहा मिनिटांचं काम. ते न करता प्रेमाने पाजलेला चहा फुप्फुसात उतरतो आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ रुग्णालयांच्या चाचणीत एका गटातल्या परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवलं. २०११ च्या अहवालानुसार तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५८ टक्के होतं. अशा निकालाला लागतं ते प्रशिक्षण आणि शिस्त. उपजिल्हा रुग्णालयात या दोन्ही गोष्टी नेता येतात.

मग येतं दुसरं टोक, ज्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. रोगी घरी येतो आणि 'आता मालिश करा, व्यायाम करा' एवढ्यावर रुग्णालयाचा संबंध संपतो. गेलेली ताकद परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि तेच तीन महिने तेल चोळण्यात जातात. खरं काम बारीक आहे. लुळा हात धरून माणसाला ओढत उठवलं, तर त्या हाताला सावरणारे स्नायू ढिले असल्याने खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. उठवणाऱ्याने समोर, दुबळ्या बाजूला उभं राहायचं, रोग्याच्या कमरेला हात घालायचा, त्याचा दुबळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवायचा, त्याला पुढे झुकू द्यायचं आणि मग दोघांनी मिळून उठायचं. हे सांगून येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून चार वेळा करून घ्यावं लागतं. आणि शहरातल्या वॉर्डात जे शिकवलं जातं ते पलंग आणि खुर्ची धरून. नागोठण्याच्या आसपासच्या वाडीवरच्या घरात पलंग नसतो, उंबरठा असतो. पडवीतून मोरीपर्यंत जायचं असतं, जमिनीवरून उठायचं असतं, उकिडवं बसायचं असतं. सराव केलेली हालचाल ज्या जागी वापरायची त्या जागीच शिकणं केव्हाही हिताचं.

इथे माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वात कठीण पुरावा समोर येतो, आणि तो भारतातलाच आहे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांवर झालेल्या 'अटेंड' या चाचणीत घरातल्या माणसांना पुनर्वसनाचं शिक्षण देऊन पाहिलं. २०१७ चा निकाल निराश करणारा होता: सहा महिन्यांनी हे शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के माणसं मृत किंवा परावलंबी. मग गावातल्या पुनर्वसनावर पैसा का घालवायचा? मी या निकालाचा अर्थ वेगळा लावतो. त्या प्रयोगात व्यायामाचा भार मुख्यतः कुटुंबावर होता. तो भार घरच्यांवर टाकून मोकळं होता येत नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं. जी सून भातलावणीला जाते, पाणी भरते, मुलांचं पाहते, तिला शिकवून थेरपिस्ट करता येत नाही. घाईही उपयोगाची नाही. २०१५ च्या 'अव्हर्ट' चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच जोरात उठवून चालवण्याने परिणाम उलट बिघडले. केव्हा, किती आणि काय करून घ्यायचं हे ठरवायला जाणता माणूसच लागतो. त्या माणसाला पर्याय नाही, आणि तो पनवेलला असून भागत नाही. आठवड्याला दोनदा भाड्याची गाडी करून जाणं मजुरी करणाऱ्या घराला दोन आठवड्यांपलीकडे झेपत नाही.

इतका खर्च एका आजारासाठी का, असं कुणी म्हणेल. पण तोच फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आरोग्य केंद्रात बसला, तर मोडलेल्या खुब्यालाही हात लावेल आणि आखडलेल्या गुडघ्यालाही. रक्तदाबाची गोळी बंद झालेला माणूस त्याला दिसेल. ही गोळी चुकली की दुसरा झटका जवळ येतो. न बोलता भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा रोगी दिसेल; सुमारे तिघांतल्या एकाला पक्षाघातानंतर नैराश्य येतं आणि घरचे त्याला आळस समजतात. याची सुरुवात एका कागदापासून करता येईल. शहरातलं रुग्णालय ज्या दिवशी रोग्याला सोडतं त्याच दिवशी डिस्चार्ज कार्डाची प्रत नागोठण्याच्या आरोग्य केंद्रात यावी. त्यावर औषधांच्या यादीखाली लिहिलेलं असावं: गिळता येतं का, बोलता येतं का, जमिनीवरून कुणाच्या आधाराने उठतो, घरात उंबरठा किती उंच आहे, आणि पुढच्या सोमवारी त्याला कोण बघायला जाणार आहे.